प्रतिसाद: सामायिक कॅश आणि फोल्डरचे मार्ग

सीसीकॅश हे एकदा कंपाइल झालेल्या फाइल साठवून पुन्हा वापरू देणारे साधन. त्यासाठी सगळ्या रेपॉझिटरींना (कोडच्या संग्रहांना) एकच कॅश फोल्डर, म्हणजे साठवणीची जागा, दिले की काम भागते, हे मत मला अर्धेच पटते. जळगावच्या आमच्या कार्यालयात सी प्लस प्लसच्या चार रेपॉझिटरींत एकच लायब्ररी आहे. फोल्डर एक करूनही ती प्रत्येक ठिकाणी नव्याने कंपाइल होत राहिली, कारण डीबग माहितीसह (चुका शोधायला लागणाऱ्या माहितीसह) बिल्ड करताना सीसीकॅश चालू फोल्डरचा मार्गही हॅशमध्ये, म्हणजे साठवलेली फाइल ओळखण्याच्या खुणेत, धरते. सीसीकॅशच्या ‘बेस_डिर’ या सेटिंगमध्ये चारही रेपॉझिटरींना सामावणारे वरचे फोल्डर दिले आणि मार्ग हॅशमध्ये धरणारे ‘हॅश_डिर’ हे सेटिंग बंद केले, तेव्हा कुठे एकीतील तयार फाइल दुसरीला मिळू लागली. मात्र त्यामुळे डीबगर (चुका शोधण्याचे साधन) कधीकधी भलत्याच रेपॉझिटरीचा मार्ग दाखवतो. ज्यांना रोज डीबगरमध्येच काम करायचे आहे, त्यांनी हा बदल विचारपूर्वकच करावा.