शब्द हवा: आईवडील असलेल्या मुलांची संस्था 'अनाथ'मध्ये कशी टाकू?

खिडकीतली
आमच्या भागातल्या सेवाभावी संस्थांची मराठी यादी करतोय, देणगी द्यायची किंवा वेळ द्यायचा तर लोकांना शोधत फिरायला नको म्हणून. पुस्तिका छोटी, त्यामुळे प्रत्येक संस्थेपुढे एकच विषय लिहायचा असं ठरलंय. शिक्षण, आरोग्य, वृद्ध, प्राणी हे पटापट झालं, अडलंय एका संस्थेपाशी. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं हंगामात तिथे राहतात, शाळेत जातात, पाडव्याच्या आसपास आईबाप परतले की घरी. जुन्या यादीत ही संस्था 'अनाथ'खाली होती. परिणाम असा की मागे एक गृहस्थ वाढदिवसाचा केक घेऊन गेले, मुलांना सतरंजीवर बसवलं आणि म्हणाले आईवडील नाहीत म्हणून कधी वाईट वाटून घेऊ नका, तर पुढच्या रांगेतली पोरगी म्हणाली 'हायेत की, कारखान्यावर गेलेत'. तर विषय काय लिहू? एकाने 'वंचित' सुचवलंय, मला ते भाषणातलं वाटतं.

झणझणीत
निराधार लिहा. सोपं आहे.

बांधावरून
निराधार नको हो. आमच्याकडे निराधार म्हणजे पगार. संजय गांधी योजनेमुळे 'म्हातारीचं निराधार चालू झालं का' असंच विचारतात. यादीत निराधार वाचून लोक फॉर्म मागायला येतील.

झणझणीत
आणि आधार कार्ड नसलेला तो निराधार, हा विनोद कोणी करायच्या आत मीच करून टाकतो.

शुद्धमती
'वंचित'चा मूळ अर्थ फसवला गेलेला. वंचना म्हणजे फसवणूक. 'शिक्षणापासून वंचित' चालेल पण नुसतं 'वंचित' म्हणजे अर्धं वाक्य, कशापासून ते सांगायला नको का? शिवाय आता तो शब्द वाचला की आधी पक्षच आठवतो. आपला घरचा शब्द 'पोरका' आहे, तो कुणालाच का आठवत नाही? सगळं संस्कृतातून नाहीतर इंग्रजीतून उचलायचं.

बांधावरून
उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे एक तोडणी जोडी, धरतात आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, तेव्हा फसवला गेलेला हा अर्थ इथे चपखल बसतो ताई. पोरका मात्र बसत नाही, पोरक्याला पाडव्याला घ्यायला कोण येणार?

गणूकाका
जरा थांबा. अनाथ म्हणजे आईबाप नसलेला हा अर्थ तुम्ही धरून चाललाय. अ-नाथ, नाथ म्हणजे नवरा. अण्णा कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली ती विधवांसाठी, त्यातल्या कितीतरी जणींचे आईबाप हयात होते. आणि पुण्यात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं ते गरीब होतकरू मुलांसाठी, तेच आताचं पुणे विद्यार्थी गृह. म्हणजे जुनी यादी करणाऱ्याला मराठी येत होतं, अर्थ आपण आक्रसवला.

शुद्धमती
नाथ म्हणजे नवरा नव्हे काका, नाथ म्हणजे रक्षणकर्ता. नवरा ही त्यातली एक समजूत.

झणझणीत
'समजूत' 😂

कलम_कसाई
शब्द ढिला वापरायचे दिवस गेले. 2018 पासून राज्यात अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे अनाथ ही आता सरकारी ओळख झालीये. बाकी सगळ्या मुलांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात जी मोठी वर्गवारी आहे ती मराठीत 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालके'. घ्या, बसवा एका रकान्यात.

खिडकीतली
रकाना अडीच सेंटीमीटर आहे.

दोन_रकाने
घोळ शब्दाचा नाहीच. वृद्ध, अनाथ, प्राणी हे 'कोणासाठी' झालं आणि शिक्षण, आरोग्य हे 'काय करतात' झालं, दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं की हेच होणार. आनंदवन घ्या. संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती, 1949 ची, आज नवीन कोणी 'महारोगी' नाव ठेवणार नाही, कुष्ठरुग्ण म्हणतील. पण तिथे शेती आहे, अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत, कॉलेज आहे. आरोग्य लिहिलं तर बाकीचं गेलं, शिक्षण लिहिलं तर बाबा आमटेच गेले. एकच लिहायचं असेल तर देणाऱ्याने तिथे काय घेऊन जावं यावरून ठरवा. तुमच्या मुलांना ऑक्टोबर ते मार्च जेवणखाण, अंथरूण, वह्या लागतात ना? मग वसतिगृह. कोण आहेत ते तिथे गेल्यावर कळेल.

रंकाळ्याकाठी
वसतिगृह कशाला, बोर्डिंग म्हणा. शाहू महाराजांच्या काळात 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं तेव्हापासून कोल्हापुरात तो मराठी शब्द आहे. आमचे आजोबा 'बोर्डिंगात शिकलो' असंच सांगायचे, छातीवर हात ठेवून.

शुद्धमती
रेल्वे, टेबल ठीक आहे, पण ज्याला शब्द आहे तिथे तरी कशाला? छात्रालय, वसतिगृह, काय कमी आहे?

रंकाळ्याकाठी
कमी काही नाही, पण छात्रालयात आमचे आजोबा गेले नव्हते.

खिडकीतली
शुक्रवारी छापायला जातंय. सरकारी कागदांवर हंगामी वसतीगृह असतं, तूर्त तेच लिहितेय. मुलांसाठी वगैरे पुढे काही जोडू का?

शुद्धमती
वसतिगृह. ति ऱ्हस्व. मूळ शब्द वसति, समासात तो तसाच राहतो.

गणूकाका
छापील पाट्यांवर सर्रास दीर्घ असतो. आणि मुखपृष्ठावर 'सेवाभावी संस्था' म्हणताय ते तरी तपासलंत का? आमच्या चौकात 'भावी नगरसेवक' असा फ्लेक्स लागलाय, त्या हिशेबाने बऱ्याच संस्था सेवाभावीच म्हणायच्या, सेवा अजून व्हायचीये.

बांधावरून
मग धर्मादाय म्हणा. आमच्याकडे आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई आणि त्याखाली धर्मादाय कापलेलं असायचं. धर्म कुणाचा नि दाय कुणाचा, कधी कळलं नाही.

शुद्धमती
दाय नाही, आदाय. दाय असता तर धर्मदाय झालं असतं.

गणूकाका
आदाय म्हणजे घेणं की हो! मग धर्माने देतंय कोण?