ब्लू डार्ट जर्मनांची झाली, म्हणून आपलं काय बिघडलं?

गिरगावकर: 'ब्लू डार्ट परक्यांना विकून मुंबईने हक्काचा उद्योग घालवला' असं कालच्या धाग्यात वाचलं आणि राहवलं नाही. १९८३ मध्ये मुंबईत तिघांनी काढलेली ही कुरियर कंपनी २००५ मध्ये डीएचएल या जर्मन मालकीच्या कुरियर कंपनीकडे गेली. उद्योग गेला कुठे? कचेरी अंधेरीत, विमानं इथली, पोरं इथली.

सह्याद्री_७१: ते वाक्य माझंच, आणि मी ठाम आहे. ७५ टक्के भाग त्यांच्याकडे, म्हणजे लाभांशाचा पाऊण हिस्सा त्यांच्या मुख्यालयाला, जर्मनीत बॉनला. पोरं पावसात भिजतात ती इथली, हे मात्र खरं.

गिरगावकर: डीएचएल तरी जर्मन कुठे होती? १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, जहाजांची कागदपत्रं विमानाने होनोलुलूला न्यायची. जर्मन टपालखात्याची १९९५ मध्ये कंपनी झाली, २००० मध्ये शेअर बाजारात आली आणि २००२ पर्यंत तिने डीएचएल अख्खी घेतली. आपल्या टपालखात्याला कोणी अडवलं होतं?

सह्याद्री_७१: आपला पोस्टमन पाड्यावर पेन्शन पोचवतो. तो नफ्याचा धंदा आहे का?

जर्सीची_मावशी: मालकी राहू द्या, वजनाचं बोला! आईने डोंबिवलीहून मला इथे अमेरिकेत फराळ पाठवला. पाच किलो. एजंटने पैसे लावले जवळजवळ दहा किलोचे!

कार्गोवाला: खोकं ४० बाय ४० बाय ३० सेंटीमीटर असेल तर गुणाकाराला ५००० ने भागा, ९.६ किलो. विमानात वजनाआधी जागा संपते, म्हणून मोठ्या पण हलक्या खोक्याला आकारावरून काढलेलं वजन लावतात. चकल्या हवा घेऊन जातात, त्याला कंपनी काय करणार?

जर्सीची_मावशी: माझ्या सत्तरीच्या आईला भागाकार शिकवता? खोकं एजंटनेच दिलं होतं!

कार्गोवाला: माझ्यावर का ओरडता? नियम सगळ्यांना सारखाच.

गिरगावकर: भाव खोकं भरण्याआधी सांगायला हवा, एवढं मान्य. पण तो एजंटचा दोष. मालक बॉनमध्ये की अंधेरीत, याचा संबंध काय?

जर्सीची_मावशी: आहे संबंध. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची आयातकराची माफी रद्द केली, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेर भारताच्या टपालखात्याने अमेरिकेचं सगळं बुकिंग थांबवलं. उघडलं १५ ऑक्टोबरला. दिवाळी २० ला! तोवर खासगीवाले सांगतील तो भाव.

सह्याद्री_७१: मी वेगळं काय म्हणतोय?

कार्गोवाला: त्या दीड महिन्यात खासगी विमानं उडत होती म्हणून फराळ पोचला तरी, मावशी.