अक्कलदाढ काढताना गुंगी कशाला? नीट बधीर केलं की पुरे

माळरान:

आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत अक्कलदाढ जागेपणीच काढतात. हिरडीत इंजेक्शन द्यायचं, थोडं थांबायचं, ओठ जड झाला की काम सुरू. अमेरिकेत हेच काम शिरेतून गुंगीचं औषध देऊन करण्याची पद्धत आहे, आणि हल्ली इथल्या शहरांतही 'झोपेत दाढ काढा' अशा पाट्या दिसू लागल्यात. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने परवा घरच्या ग्रुपवर लिहिलं की जागेपणी दाढ काढणं हा अघोरी प्रकार आहे. मला हे अजिबात पटत नाही.

लोकांचा समज असतो की गुंगी दिली म्हणजे दुखत नाही. गुंगीचं औषध, बहुतेक वेळा मिडाझोलाम, भीती उतरवतं, पेंग आणतं आणि नंतर फारसं काही आठवू देत नाही. दुखणं थांबवण्याचं काम तेव्हाही हिरडीतलं इंजेक्शनच करतं. म्हणजे ती सुई काही टळत नाही, फक्त आठवत नाही. निल्स लॉफग्रेन यांनी 1943 साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे बधीर करणारं औषध तयार केलं, 1948 पासून ते झायलोकेन म्हणून मिळू लागलं, आणि आजही आपल्या गल्लीतला दातांचा डॉक्टर त्याच औषधावर विसंबून दाढ काढतो. इतकं जुनं, पारखलेलं औषध हाताशी आहे.

गुंगी घ्यायची तर सहा तास आधीपासून जेवायचं नाही, सोबत माणूस हवा, पुढचे 24 तास गाडी चालवायची नाही. वर श्वास मंदावण्याचा धोका आहेच. जागा माणूस घशाकडे पाणी गेलं तर खूण करतो, दुखलं तर हात वर करतो. डॉक्टरला ती खूण मोलाची असते. तब्येतीने ठणठणीत माणसाने हे सोडून गुंगीचा धोका का पत्करावा?

श्रावणसर:

कारण माणूस घाबरतो.

माझी खालची डावी दाढ पूर्ण आडवी होती. हिरडी सुजलेली, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, अशा अवस्थेत काढायला घेतली. बधीर केलं, तरी ड्रिल हाडाला लागलं तेव्हा जीव गेला. हात वर केला तर डॉक्टर म्हणाले, "अहो, नुसता दाब जाणवतोय, दुखत नाहीये." माझं दुखणं मला कळत नव्हतं का? पुन्हा इंजेक्शन दिलं, मग पुन्हा. दाढेचे तुकडे करताना होणारा आवाज कानात नाही, कवटीत वाजतो. त्यानंतर कित्येक वर्षं मी दातांच्या दवाखान्याची पायरी चढले नाही आणि त्यापायी दुसऱ्या बाजूच्या दोन चांगल्या दाढा किडून गेल्या.

तुम्ही धोक्याचा हिशोब मांडलात त्यात हा धोका कुठेच नाही. माणूस घाबरून उपचारच टाळतो, हे नुकसान नाही का?

आणि भूल देऊन वेदना थांबवायची ही गोष्ट जगापुढे आणली ती दातवाल्यांनीच. 11 डिसेंबर 1844 ला अमेरिकेत हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने स्वतः नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून आपली दाढ काढून घेतली होती. पुढे 1846 मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात ईथर दिलं तो मॉर्टनही दंतवैद्यच. त्या दोघांना वेदना हा सहन करून दाखवायचा प्रकार वाटला नाही.

माळरान:

श्रावणसर, तुम्हाला जे भोगावं लागलं ते वाईटच आहे आणि ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पण तुमची दाढ बधीरच झाली नव्हती. तिथे गुंगी दिली असती तरी खाली वेदना होतीच, फक्त तुम्ही नीट तक्रार करू शकला नसता. मला तर ते जास्त भयंकर वाटतं. सुजेवर काढायला घेतली ही खरी चूक.

जबडेतज्ज्ञ:

मी तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया करतो, अक्कलदाढा रोजच्या. दोघांच्या वादात एक गोष्ट सुटतेय, ती सांगतो.

पू किंवा मोठी सूज असेल तिथे ऊती आम्लधर्मी होतात. लिग्नोकेन चेतातंतूच्या आत शिरायला त्याचा जो अंश लागतो, तो आम्लात कमी पडतो. म्हणून सुजलेल्या जागी दिलेलं इंजेक्शन लंगडं पडतं. त्यावर उपाय असा की आधी हिरडीखालची घाण धुऊन काढायची, गरज असेल तर प्रतिजैविक द्यायचं, तोंड उघडू लागलं की दाढ काढायची. पू साठून गळ्याकडे सूज उतरत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल तर मात्र थांबायचं नाही, त्या माणसाची जागा रुग्णालयात आहे.

खालच्या दाढेला नुसती हिरडी टोचून भागत नाही. जबड्याच्या आतल्या बाजूला, जिथे चेता हाडात शिरते, तिथे औषध सोडावं लागतं. तो नेम कधीकधी चुकतो, कारण प्रत्येकाचा जबडा वेगळा. नेम बसल्याची खूण म्हणजे खालचा ओठ मधल्या रेषेपर्यंत बधीर होणं. गालाकडच्या हिरडीची चेता वेगळी असते, तिला वेगळं टोचावं लागतं. मी टोकदार शोधणीने दाढेभोवती टोचून विचारतो, "टोकदार लागतंय की बोथट?" टोकदार लागलं तर हत्याराला हात लावत नाही. पुन्हा भूल देता येते. 2 टक्के लिग्नोकेनच्या 2 मिलीमध्ये 40 मिलिग्रॅम औषध असतं, त्यात भूल जास्त वेळ टिकवणारं ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा धरतात. हृदयरोग्यांत ॲड्रेनलिनचा हिशोब आणखी सांभाळावा लागतो, पण निरोगी प्रौढ माणसाला पुन्हा एकदोनदा द्यायला जागा असते.

दाब मात्र कुठलंच इंजेक्शन पूर्ण घालवत नाही. ढकलणं, कुरकुर, जबड्यावरचा ताण हे सगळं कळतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दाबालाही वेदना समजून दचकतो. आणि आधी सांगितलं असूनही तो हात वर करत असेल, तर ती वेदनाच आहे असं धरून थांबायचं. श्रावणसर यांना मिळालेलं उत्तर देण्याचा अधिकार कुठल्याच डॉक्टरला नाही.

लीड्सकर:

इथे इंग्लंडमध्येही साध्या दाढेला जागेवरची भूलच देतात. फार घाबरणाऱ्यांना शिरेतून मिडाझोलाम मिळतं, पण त्यासाठी वेगळी चिठ्ठी आणि वाट बघणं आलं. अमेरिकेशी तुलना करताना एक फरक धरायला हवा. तिथे विशीच्या आसपास, त्रास नसतानाही, चारही दाढा एकदम काढण्याची चाल पडली आहे. चार दाढा, चारही कोपऱ्यांत हाड कोरायचं, तर गुंगी मागणं स्वाभाविक. इथल्या नाइस या, कोणते उपचार करावेत हे सुचवणाऱ्या संस्थेने 2000 सालीच सांगितलं की आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ निव्वळ खबरदारी म्हणून काढू नये. त्यामुळे एका वेळी एकच, दुखणारी दाढ निघते, आणि एका दाढेसाठी जागेवरची भूल पुरते. माळरान यांच्या बहिणीला हे सांगून बघा.

निनादची_आई:

धाग्याच्या शीर्षकातलं 'कशाला' मला टोचलं.

माझा मुलगा 19 वर्षांचा आहे, स्वमग्न. अनोळखी हात तोंडाजवळ आला की तो उठून पळतो. बधीर करायची सुईसुद्धा त्याला जागेपणी देता येत नाही. त्याची दाढ रुग्णालयात पूर्ण भूल देऊन काढली. त्याआधी तीन दवाखान्यांनी "धरून ठेवा, पाच मिनिटांचं काम" असं सांगितलं होतं. चार माणसांनी धरून ठेवलेल्या मुलाची दाढ निघेल, पण पुढे त्याने आयुष्यभर तोंड उघडलं नसतं. इथे 'ठणठणीत माणूस' असं सहज लिहिलं जातं. माझ्या मुलाची तब्येत ठणठणीतच आहे.

माळरान:

निनादच्या आई, तुमच्या मुलासाठी पूर्ण भूल हाच उपचार होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याला सुईच देता येत नाही त्याला माझं मत लागू नाही, हे मी आणखी स्पष्ट लिहितो. माझा विरोध आहे तो मोबाइलवर जाहिरात बघून, बरं चाललेलं असताना गुंगी विकत घेण्याला.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर:

माळरान यांची काळजी रास्त आहे, पण ती गुंगीपेक्षा गुंगी कोण देतं याची असावी.

मिडाझोलाम देणाऱ्याने फक्त मिडाझोलामकडे लक्ष द्यायचं असतं. दाढ काढणारा आणि गुंगी देणारा एकच माणूस असेल तर त्या खुर्चीत बसू नका, मग दवाखाना कितीही चकचकीत असो. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, रक्तदाब, ऑक्सिजनचा सिलिंडर, घशातलं पाणी ओढणारं यंत्र आणि मिडाझोलामचा उतारा म्हणजे फ्लुमाझेनिल, एवढं तरी शेजारी हवं. घोरणारे, मान जाड असलेले, झोपेत श्वास अडकणारे, झोपेच्या गोळ्या रोज घेणारे, यांना गुंगी अपेक्षेपेक्षा खोल लागू शकते. पहिल्या मजल्यावरच्या अरुंद जिन्याच्या दवाखान्यातून बेशुद्ध माणूस खाली कसा नेणार, हासुद्धा मला वैद्यकीयच प्रश्न वाटतो.

आणि गुंगी म्हणजे शिरेतलीच असं नाही. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं मिश्रण नाकावरच्या मास्कमधून देतात. माणूस जागा राहतो, बोलतो, सैलावतो. मास्क काढून ऑक्सिजन दिला की थोड्याच मिनिटांत उतरतं. नाक चोंदलेलं असेल, गरोदरपणाचे पहिले महिने असतील किंवा ब 12 जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर आधी सांगायचं. श्रावणसर यांच्यासारख्यांना मी पहिल्यांदा हेच सुचवेन. यात माळरान यांची हात वर करण्याची सोयही शाबूत राहते.

पैनगंगा:

आमच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो, तोही बाळंतपणाच्या शस्त्रक्रियांसाठी. गुंगी हवी की नको हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. आमची मागणी छोटी आहे. बधीर व्हायला वेळ द्या. बाहेर वीस माणसं बसली आहेत म्हणून सुई टोचली की दुसऱ्या मिनिटाला चिमटा लावू नका. माझ्या आईच्या वेळी तेच झालं, आणि ती ओरडली तर "खेड्यातली माणसं सोशिक असतात" असं कौतुक झालं. असलं कौतुक नको. आडवी दाढ असेल तर आम्ही नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जातो. दिवस मोडतो, पण तिथे शिकणारी मुलं दहा वेळा विचारतात, ओठ जड झाला का, जीभ जड झाली का. तेवढंच हवं असतं.

श्रावणसर:

पैनगंगा, तुमच्या आईला आणि मला एकच उत्तर मिळालं, शहर-खेडं वेगळं इतकंच.

माळरान, तुमचं सगळं शास्त्र मान्य करूनही मी म्हणेन की पर्याय आहे हे रोग्याला सांगितलं पाहिजे. मला कोणी नायट्रसबद्दल बोललंच नाही. आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून दाढ आडवी आहे हे दिसत होतं, मी थरथरत होते हेही दिसत होतं. तेव्हा "भीती वाटते का?" एवढा प्रश्न विचारायला काहीच पैसे पडत नव्हते.

माळरान:

विचारावं, यात वाद नाही. पण विचारण्याचं विकणं होतं हे मी बघतो आहे. घाबरलेल्या माणसाला महागडी गुंगी पटकन विकता येते. त्यामुळे पहिली पायरी नीट भूल आणि नीट बोलणं, यावर मी ठाम आहे.

रुईफूल:

मध्येच विचारते, माफ करा. माझी खालची उजवी दाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे. तोंडात काही घातलं की मला उमासे येतात. घरी बहिणीच्या झोपेच्या गोळ्या आहेत, त्यातली अर्धी घेऊन गेले तर चालेल का?

जबडेतज्ज्ञ:

नाही. दुसऱ्याची गोळी घेऊन, ती न सांगता खुर्चीत बसणं हे या धाग्यातल्या सगळ्या पर्यायांत सर्वांत वाईट. भीतीसाठी आदल्या रात्री किंवा तासभर आधी घ्यायची गोळी डॉक्टर स्वतः लिहून देऊ शकतात, तुमचं वजन आणि चालू औषधं बघून. मग घरी न्यायला कोणीतरी सोबत हवं.

उमाशांचं आधीच फोन करून सांगा. ओपीजी तोंडाबाहेरून निघतो, त्याला त्रास नाही. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धवट बसून काम करता येतं, आणि नायट्रसने उमासेही बऱ्याच जणांचे कमी होतात. नुसती जागेवरची भूल असेल तर उपाशी जाऊ नका, हलकं जेवून जा. चेता मुळांच्या किती जवळ आहे ते विचारा, कारण ओठाचा किंवा जिभेचा बधिरपणा क्वचित रेंगाळतो आणि ते संमतिपत्रावर सही करण्याआधी कळायला हवं.

नंतर कापसाचा बोळा दाबून धरा, त्या दिवशी चुळा भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. दुखणं कमी होत जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत ठणकायला लागलं, तोंडाला वास येऊ लागला, तर रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. तेव्हा वेदनाशामक वाढवत बसू नका, परत जा. औषधाची पट्टी भरली की बराच आराम पडतो.

रुईफूल:

धन्यवाद डॉक्टर. उद्या सकाळी फोन करते, उमाशांचं आणि गॅसचं दोन्ही विचारते.