उबंटूवर बाहेरची एक्स्टेन्शन: कुठून घ्यावीत, आणि पासवर्ड मागितला तर?

खाडीकाठ (देवगड)
नमस्कार मंडळी. आंबा बागायतदारांच्या सोसायटीच्या ऑफिसात पाच मशीन आहेत, सगळ्यांवर उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली. दोन गोष्टी हव्या आहेत: कॉपी केलेल्या मजकुराचा इतिहास ठेवणारं क्लिपबोर्डचं एक्स्टेन्शन (डेस्कटॉपला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), आणि वरच्या पट्टीत हवामान. एका मशीनवर कुणीतरी कुठल्याशा साइटवरून थीमची डेब फाइल (उबंटूवर बसवायचं पॅकेज) उतरवून बसवली आहे. तिने पासवर्ड मागितला आणि तो दिला गेला. पावसात ब्रॉडबँड दोन-दोन दिवस बंद असतं, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवावं लागतं. एकदाच उतरवून पेन ड्राइव्हने पाचही मशीनवर टाकता येईल का? आणि यातलं सुरक्षित काय धरायचं?

रत्नदुर्ग (रत्नागिरी)
पासवर्ड मागितला, इथेच थांबायला हवं होतं. थीम म्हणजे चित्रं, रंग आणि थोडं सीएसएस (दिसण्याचे नियम); ती होम फोल्डरात बसते, तिला रूटचे (सगळं करू शकणाऱ्या मुख्य खात्याचे) अधिकार लागतच नाहीत. डेब फाइलच्या आत मात्र बसवताना चालणारी स्क्रिप्ट असू शकते आणि ती रूट म्हणूनच चालते. डिसेंबर २००९ मध्ये ग्नोम-लुक या थीमच्या साइटवर धबधब्याचा स्क्रीनसेव्हर म्हणून ठेवलेल्या डेबमध्ये हेच झालं होतं. आत स्क्रीनसेव्हर नव्हताच, दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ला करायला तुमचं मशीन जुंपणारी स्क्रिप्ट होती.

एक्स्टेन्शनसाठी ग्नोमची (उबंटूच्या डेस्कटॉपची) अधिकृत एक्स्टेन्शन साइट वापरा. तिथे प्रत्येक नवी आवृत्ती माणसाने तपासल्यावरच प्रसिद्ध होते. कोड वाचता येईल असाच लागतो, आत तयार बायनरी (वाचता न येणारी प्रोग्रॅमची फाइल) ठेवलेली चालत नाही, आणि क्लिपबोर्डला हात लावायचा असेल तर वर्णनात तसं लिहावं लागतं. पण तपासणी झाली म्हणजे कुंपण घातलं असं समजू नका. एक्स्टेन्शन ग्नोम-शेलच्याच, म्हणजे डेस्कटॉप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्याच, प्रोसेसमध्ये चालतं. तुमच्या खात्याला जी फाइल वाचता येते ती त्यालाही येते.

म्हणून सोसायटीत क्लिपबोर्डचा इतिहास ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. तुम्ही दिवसभर बागायतदारांचे खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड कॉपी-पेस्ट करणार. क्लिपबोर्ड इंडिकेटर हे एक्स्टेन्शन हा इतिहास होम फोल्डरातल्या लपलेल्या डॉट-कॅश फोल्डरात साध्या मजकुरात लिहून ठेवतं. ठेवायचंच असेल तर सेटिंगमध्ये नोंदींची संख्या अगदी कमी करा आणि संध्याकाळी इतिहास पुसा.

हवामानाला एक्स्टेन्शन नकोच. उबंटूच्या भांडारातून ग्नोम-वेदर बसवा, त्यात गाव निवडा; वरच्या घड्याळावर क्लिक केलं की कॅलेंडरखाली हवामान दिसतं. ही माहिती नॉर्वेच्या हवामान संस्थेकडून येते. होड्या बाहेर काढायच्या की नाही यासाठी भारतीय हवामान विभागाचाच इशारा बघायचा.

पेन्ग्विन_मालवण
पेन ड्राइव्हने नक्की जमतं. साइटवर त्या एक्स्टेन्शनच्या पानावर शेलची आवृत्ती निवडायची यादी असते. २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे, तेव्हा ४६ निवडा; झिप उतरेल, बहुतेक वेळा एक एमबीच्या आतच. उतरवलेल्या मशीनवर शा-२५६-सम (फाइलचा ओळख-आकडा काढणारी कमांड) चालवून आकडा लिहून ठेवा आणि प्रत्येक मशीनवर कॉपी केल्यावर ताडून बघा. पेन ड्राइव्ह मध्येच ओढून काढला की अर्धवट झिप राहते; ती इथेच सापडते.

मग टर्मिनलमध्ये ग्नोम-एक्स्टेन्शन्स ही कमांड, पुढे इन्स्टॉल, पुढे झिपचं नाव. सुडो (कमांड रूट म्हणून चालवणारा शब्द) लावू नका, नाहीतर ते रूटच्या होममध्ये जाऊन बसतं आणि तुमच्या खात्यात काहीच दिसत नाही. नंतर लॉग आउट करून परत या (वेलँड या उबंटूच्या नेहमीच्या डिस्प्ले पद्धतीवर शेल जागच्या जागी पुन्हा सुरू करता येत नाही) आणि मग चालू करा. हाताने फोल्डर कॉपी केलंत तर फोल्डरचं नाव मेटाडेटाच्या फाइलमधल्या यूयूआयडीशी (एक्स्टेन्शनच्या ओळख-नावाशी) अक्षरशः जुळलं पाहिजे. एवढ्या एका कारणाने कितीतरी वेळा ‘बसवलं पण यादीत नाही’ असं होतं.

२२.०४ साठीची जुनी झिप मात्र इथे चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा मॉड्यूल (कोडचे भाग) आयात करायची पद्धतच बदलली. त्याआधीच्या सगळ्या एक्स्टेन्शनमध्ये बदल करावे लागले. मेटाडेटात हाताने ४६ लिहून फसवायला जाऊ नका.

एक्स्टेन्शनमुळे डेस्कटॉप अडकला तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा, येणाऱ्या मजकुराच्या स्क्रीनवर लॉगिन करा आणि डॉट-लोकल, शेअर, ग्नोम-शेल या वाटेवरच्या एक्स्टेन्शन्स फोल्डरचं नाव बदला. पुढच्या लॉगिनला शेल त्यांच्याशिवाय उघडतं.

माडाची_सावली (वेंगुर्ला)
केडीई (ग्नोमसारखा दुसरा डेस्कटॉप) वापरणाऱ्यांसाठी जोड. तिथलं ‘नवीन मिळवा’ बटण फार सोयीचं आहे, पण त्यामागच्या स्टोअरवर कुणीही वस्तू टाकू शकतो. मार्च २०२४ मध्ये एका ग्लोबल थीमने (सगळा डेस्कटॉप एकदम बदलणाऱ्या थीमने) एका वापरकर्त्याचा डेटा पुसला होता. हेतू वाईट नव्हता, पुसायची कमांड चुकीच्या जागी चालली. ग्लोबल थीममध्ये कोड असतो, हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. रंगसंगती, आयकॉन, वॉलपेपर वेगवेगळे घेतले तर धोका बराच कमी.

खाडीकाठ (देवगड)
आभार. क्लिपबोर्डचा नाद सोडतो. ते डेब पॅकेज काढून टाकलं, एवढं पुरे का?

रत्नदुर्ग (रत्नागिरी)
नाही. पॅकेज काढताना नोंदलेल्या फाइलच जातात. स्क्रिप्टने बाहेर लिहिलेलं तसंच राहतं. २००९ च्या त्या डेबने ईटीसीतल्या प्रोफाइल-डी फोल्डरात (यातल्या स्क्रिप्ट लॉगिनला आपोआप चालतात) फाइल टाकली होती, ती वेगळी पुसावी लागली. तेच फोल्डर, क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी, सिस्टिमडीच्या (पार्श्वभूमीतली कामं सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस आणि टायमर, रूटच्या एसएसएच (दुरून लॉगिन करायच्या) चाव्या बघा. मूळ डेब डाउनलोड्समध्ये असेल तर डीपीकेजी-डेबने नुसती उलगडून आतली पोस्टइन्स्ट (बसवताना चालणारी) स्क्रिप्ट वाचा, इथे टाकलीत तरी बघू. पण त्या मशीनवर सोसायटीची खाती उघडत असतील तर मी तपासत बसणार नाही. फक्त कागदपत्रं बाहेर काढा, डिस्क पुसून उबंटू नव्याने घाला आणि त्या मशीनवर टाइप केलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. नव्याने घालताना रोजच्या कामाचं खाते प्रशासक गटात ठेवू नका. सुडोचं खातं वेगळं.