मदत हवी आहे: राजम्याच्या एम्पनाडा-करंज्या ओव्हनमध्ये फुटतात, तळ ओला राहतो

पोळपाट

नमस्कार मंडळी. करंजीच्या आकाराचे, आत मेक्सिकन धाटणीचं सारण भरलेले तिखट एम्पनाडा बेक करायचे आहेत. सध्याचं प्रमाण असं:

पारी: मैदा २०० ग्रॅम, मक्याचं पीठ ५० ग्रॅम, गरम तुपाचं मोहन ३० ग्रॅम, मीठ, पाणी साधारण १३० मिली.
सारण: शिजवलेला राजमा, कांदा, टोमॅटो, पनीर, लाल तिखट, जिरेपूड, गरम मसाला, वरून लिंबू.
ओव्हन २०० डिग्री, २५ मिनिटं.

अडचणी तीन. कडा उघडून सारण बाहेर येतं, तळ ओला राहतो, आणि चव थेट सामोशाची लागते. दुसऱ्या दिवशी पारी वातड होते ते वेगळंच. तळायचे नाहीत. मासा हरिना (मेक्सिकन मक्याचं पीठ) मिळत नाही. काय बदलू?

मुरड

पाणी जास्त आणि तूप कमी, मुख्य गोम तिथे आहे. २५० ग्रॅम पिठाला ३० ग्रॅम मोहन तळणीच्या करंजीला चालून जातं, कारण बाकीचा खुसखुशीतपणा तेल देतं. ओव्हनमध्ये सगळी स्निग्धता पिठातूनच यायला हवी. तूप ६० ते ६५ ग्रॅम घ्या, तेही फ्रिजमधलं घट्ट. गरम मोहन पिठात पूर्ण मुरतं आणि पारी बिस्किटासारखी होते. थंड तुपाचे वाटाण्याएवढे कण शिल्लक राहिले तर पापुद्रे सुटतात.

मक्याच्या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे तेवढा भाग कडेला तडकतो. त्याची आधी उकड काढा: ५० ग्रॅम पिठावर ५० मिली उकळतं पाणी, झाकून १५ मिनिटं, मग पूर्ण गार. गरम उकड मिसळली तर तूप वितळेल आणि सगळी मेहनत पाण्यात. मासा हरिनाचा वास याला येणार नाही, कारण तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवल्यामुळे येतो. पण पारी वळेल, फाटणार नाही.

मैद्यात मीठ (अर्धा चहाचा चमचा) आणि तूप बोटांच्या टोकांनी चोळा, उकड कुस्करून घाला, मग बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने, ४५ ते ५५ मिली पुरे. गोळा जेमतेम जमला की थांबा, मळत बसू नका. वातडपणा जास्त पाण्यातून आणि जास्त मळण्यातूनच येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ३० ग्रॅमच्या लाट्या करा, ११ सेंमी व्यासाची, ३ मिमी जाडीची पारी लाटा. साधारण १३ नग होतील.

प्रत्येकी ३० ग्रॅम सारण, त्याहून जास्त नाही. कडेला एक सेंमी जागा पूर्ण कोरडी ठेवा. सारणाचं तेल कडेला लागलं की ती चिकटतच नाही, मग कितीही दाबा. पाण्याचं बोट निम्म्या कडेलाच फिरवा, आतली हवा बाहेर काढत बंद करा आणि मुरड घाला. नुसती कातणी फिरवून भागत नाही. कातलेली कड वाफेने उघडते, मुरडीला दुहेरी घडी असते. वर सुरीच्या टोकाने एक बारीक भोक. भरून झाल्यावर २० मिनिटं पुन्हा फ्रिज.

तळासाठी: ट्रे ओव्हनमध्येच तापू द्या आणि गार एम्पनाडा त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. पहिली १२ मिनिटं खालचा कप्पा, मग मधला.

चिमूटभर

पारीबद्दल वरच्या प्रतिसादाला +१. चवीचं बोलते.

गरम मसाला काढून टाका. जिरं, धणे, कोथिंबीर, लिंबू, मिरची हे मेक्सिकन आणि आपल्या, दोन्ही स्वयंपाकांत आहेच. त्यावर लवंग-वेलची पडली की पारडं एकदम सामोशाकडे झुकतं. फरक पडतो तो मिरची कशी वापरता यात. लाल तिखट तेलात टाकण्याऐवजी अख्ख्या सुक्या मेक्सिकन मिरच्या घ्या: ग्वाहियो ३ आणि आंचो १. नसतील तर बेडगी ५-६. देठ-बिया काढून तव्यावर दाबत दोन्ही बाजूंनी काही सेकंदच भाजा. वास सुटला की उचला, काळा डाग पडला की कडू झालीच. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून ४ लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा जिऱ्याबरोबर गंधासारखं वाटा. दोन मोठे चमचे तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता. हीच पायरी लोक घाईत उरकतात आणि मग सारणाला कच्चट वास येतो.

यात बारीक कांदा (१ मध्यम, आधी परतून), २०० ग्रॅम शिजवलेला निथळलेला राजमा, १०० ग्रॅम मक्याचे दाणे. मक्याचे दाणे कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून घ्या. राजमा अर्धा ठेचा, अर्धा अख्खा राहू दे. झारा ओढल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि पाणी परत जमा व्हायला नको. टोमॅटो वगळा. लिंबाऐवजी अर्धा चमचा आमचूर.

मेक्सिकन ओरेगॅनोऐवजी ओव्याच्या ८-१० दाण्यांची चुरड घाला. दोन्हींत थायमॉल असतं, म्हणून जुळतं. जास्त घातलात तर मात्र भज्यांचा वास येईल. धुराची चव चिपोत्ले (धुरावर सुकवलेल्या) मिरचीने येते. ती नसेल तर सारणात वाटी ठेवून निखाऱ्यावर तूप सोडा, झाकून दोनच मिनिटं. पाच मिनिटांनी राखेची चव येते.

आणि राजमा कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजलेला हवा. ओव्हनमध्ये शिजेल म्हणून कसर ठेवू नका, कच्च्या राजम्याने पोट बिघडतं.

जाळीदार

पनीर वितळत नाही. आम्लाने फाडलेल्या दुधाचं असल्यामुळे उष्णतेने फक्त पाणी सोडतं, तेच तुमच्या तळाशी जमतंय. वाहाका या मेक्सिकन चीजची तार हवी असेल तर मोझरेला, पण पाण्यातलं ताजं नाही, कमी ओलाव्याचं. १३ नगांना ८० ग्रॅम, चौकोनी तुकडे, सारणाच्या मधोमध. किसून मिसळलं तर कडेपर्यंत जाऊन तिथूनच बाहेर पडतं.

सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पोळपाट

सगळ्यांचे खूप आभार, आता गणित कळलं. दोन शंका. अंडं न लावता वर रंग कसा आणायचा? आणि ४० नग आदल्या दिवशी करून ठेवायचे असतील तर?

मुरड

दोन चमचे दुधात चिमूटभर साखर, ब्रशने पातळ थर, ओव्हनमध्ये जाण्याआधी. मुरडीच्या घड्यांत दूध साचू देऊ नका, तिथे पीठ ओलं राहतं.

४० नगांना सगळं तिप्पट करा, पण पीठ तीन वेगळ्या खेपांत भिजवा. एकदम केलंत तर हाताच्या उबेने तूप वितळतं. भाजून ठेवू नका, कच्चेच ट्रेवर सुटे सुटे फ्रीझरमध्ये कडक करा, मग डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी डीफ्रॉस्ट न करता थेट तापल्या ट्रेवर, १९० डिग्री, २८ ते ३० मिनिटं. बाहेर काढून ठेवले तर वर दव जमतं आणि पारी लिबलिबीत होते. उरलेले गरम करताना १८० वर ६-७ मिनिटं, मायक्रोवेव्ह नकोच.

चिमूटभर

सोबत हिरव्या कच्च्या टोमॅटोची चटणी करा: टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण तव्यावर काळपट भाजून, कोथिंबीर आणि मीठ घालून जाडसर वाटा. लिंबू पिळायचं असेल तर ते इथे.