शब्दचर्चा : ‘फिनॉमिनल कन्सेप्ट’ला मराठीत काय म्हणावं?

अंबाजोगाईकर : कॉलेजच्या वार्षिकांकासाठी जाणिवेच्या तत्त्वज्ञानावर लेख लिहायलोय. गाडी ‘फिनॉमिनल कन्सेप्ट’पाशी अडलीय. ‘प्रातिभासिक संकल्पना’ म्हणावं तर दोरीवर भासणारा साप आठवतो. अद्वैतात प्रातिभासिक म्हणजे खरं ज्ञान झालं की मावळणारं, आणि ठणकणारी दाढ काही ज्ञानानं थांबत नाही. ‘घटनात्मक’ तर नकोच, वाचक कलम नंबर विचारतील. ‘अनुभव-संकल्पना’ चालेल का?

उदगीरची : ‘अनुभव’ नको. तो भरतीच्या जाहिरातीतही असतो, ‘तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’. शिवाय त्या समासाचा अर्थ ‘अनुभव ही संकल्पना’ असाही निघतो. आधी वस्तू काय आहे ते सांगा, मग नाव ठेवू.

अंबाजोगाईकर : थोडक्यात सांगतो. तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी 1982 साली मेरीची गोष्ट मांडली. काळ्यापांढऱ्या खोलीत वाढलेली शास्त्रज्ञ, रंगदृष्टीचं सगळं भौतिक ज्ञान तिच्याकडं आहे. बाहेर येऊन तिनं पहिल्यांदा लाल रंग पाहिला, तर तिला नवीन काही कळलं का? कळलं असेल, तर भौतिक ज्ञानात सगळं येत नाही, असा जॅक्सन यांचा दावा. (पुढं त्यांनी स्वतःच तो सोडला.) यावर ब्रायन लोअर वगैरे भौतिकवाद्यांचं (जे आहे ते सगळं भौतिकच, असं मानणाऱ्यांचं) उत्तर असं की मेरीला नवी वस्तुस्थिती कळली नाही. जुनीच वस्तुस्थिती नव्या संकल्पनेतून कळली, आणि ती संकल्पना लाल पाहिल्याशिवाय मिळतच नाही. तिलाच फिनॉमिनल कन्सेप्ट म्हणतात.

जालन्यातून : मग ‘प्रचीती’ घ्या की. समर्थ आमच्या जांबचे, त्यांनी शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती, आत्मप्रचीती असे भेदही करून ठेवलेत.

उदगीरची : प्रचीतीत पडताळा आहे. आधी ऐकलेलं खरं ठरलं की प्रचीती आली म्हणतो. मेरीनं लाल रंगाचा पडताळा घेतला नाही, तिला तो फक्त दिसला.

परभणीचा मास्तर : एवढं अवघड कामून करायलात? मराठीत या संकल्पना आधीपासून आहेत, फक्त त्यांचं एकत्रित नाव नाही. दाढ ठणकते, काटा सलतो, पोटात कळ येते, जखम चुरचुरते, मिरची झोंबते, मांड्या रग लागून भरून येतात. यातल्या एकाचीही व्याख्या दुसऱ्याच्या मदतीशिवाय करून दाखवा. कोश ‘ठणका’ म्हणजे ‘तीव्र वेदना’ म्हणतो, पण कळही तीव्रच असते. फरक ज्याला होऊन गेला त्यालाच ठाऊक.

उदगीरची : उदाहरणं लई भारी, पण निष्कर्षाला अडचण आहे. मुतखडा कधीच न झालेला डॉक्टर ‘कळ’ हा शब्द बिनचूक वापरतो, रुग्णाला ‘ठणकतंय की कळ येतीय?’ असंही विचारतो. संकल्पना त्याच्याकडं नाही कसं म्हणणार? मायकेल टाय आणि डेरेक बॉल या तत्त्वज्ञांनी 2009 मध्ये हेच धरलं : संकल्पना समाजाकडून उसनी मिळते, त्यामुळं ‘लाल’ मेरीकडं खोलीतही होता. म्हणजे फिनॉमिनल कन्सेप्ट नावाची वेगळी जात नाहीच.

परभणीचा मास्तर : शब्द उसना मिळतो हे मान्य. पण क्नुट नॉर्डबी यांचं बघा. नॉर्वेचे, दृष्टीचेच संशोधक, आणि जन्मापासून स्वतःला रंग दिसत नव्हता. ‘लाल’ वापरण्यात ते कुणापेक्षा कमी नव्हते. तरी त्यांच्या ‘लाल’मध्ये आणि माझ्या ‘लाल’मध्ये काहीच फरक नाही, हे मला पटनाय.

औसेकर : ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत ‘स्वसंवेद्या’ आहे, म्हणजे ज्याचं त्यालाच जाणवणारं. ‘स्वसंवेद्य संकल्पना’ म्हणा. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागही ज्ञानाला स्वतःची जाणीव असण्याला स्वसंवेदनच म्हणतो.

अंबाजोगाईकर : शब्द देखणा आहे, पण स्वसंवेद्य असतो तो ठणका. त्याची संकल्पना नव्हे. हा गोंधळ इंग्रजी लेखांतही होतो : फिनॉमिनल हे विशेषण संवेदनेला लावताना एक अर्थ, संकल्पनेला लावताना दुसरा. ‘अनुभूतिलब्ध’ कसं वाटतं? अनुभूतीतून मिळालेली.

उदगीरची : मग ‘घोडा’सुद्धा अनुभूतिलब्ध. मिळाली कुठून हा मुद्दा नाही, चालते कशी हा आहे. भौतिकवादी तत्त्वज्ञ डेव्हिड पॅपिनो म्हणतात की ठणक्याचा विचार करताना आपण ठणकाच, किंवा त्याची फिकी उजळणी, विचारात वापरतो. अनुभूती संकल्पनेच्या पोटात असते. म्हणून ‘अनुभूतिगर्भ संकल्पना’. अर्थगर्भ, आशयगर्भच्या चालीवर.

परभणीचा मास्तर : हे चाललं. पण पॅपिनो यांचा सिद्धांत शब्दातच शिरला. लोअर यांच्या मते त्या ओळखीच्या संकल्पना आहेत : ‘हा तोच प्रकार’ असं आतून ओळखणाऱ्या. त्यांना ‘गर्भ’ पटणार नाही.

अंबाजोगाईकर : पटणार नाही, तरी घेतो. लोअर यांच्यासाठी तळटीप देईन. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांचा या भौतिकवादी उत्तरावरचा 2007 चा आक्षेपही याच शब्दात नीट मांडता येतो : शरीरानं आपल्यासारखा पण आतून काहीच न वाटणारा झोंबी कल्पा. त्याच्याकडं अनुभूतिगर्भ संकल्पना नसतील, तर त्या निव्वळ भौतिक नव्हेत. असतील, तर काही न वाटताही त्या असू शकतात, मग त्यांच्यामुळं आपल्या जाणिवेचं कोडं सुटत नाही.

औसेकर : ‘क्वालिया’चं, म्हणजे ठणका, लाली अशा आतून जाणवणाऱ्या गुणांच्या इंग्रजी नावाचं, काय करणार?

उदगीरची : तसाच ठेवा. फक्त ते अनेकवचन आहे, एकवचन ‘क्वाले’. ‘क्वालियाज’ लिहू नका.