आवड की पगार, आणि कुणाच्या जिवावर?

काठावरची (धागालेखिका)

भाचा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिशेबात हुशार, पण जीव अडकलाय संगीत संयोजनात. लेखा विभागातली नोकरी हातात आलीय आणि हा ती नाकारायला निघालाय. घरात दोन तट पडलेत. मावशीचं तो ऐकतो, असा सगळ्यांचा समज आहे, त्यामुळे मला दोन्हीकडून गळ घातली जातेय.

माझं मत: नोकरी घ्यावी. 'आवडतं तेच करा' हा सल्ला देणारे बहुतेक सगळे ज्यांचं जमलं तेच असतात. स्टीव्ह जॉब्सचं २००५ सालचं स्टॅनफर्डमधलं भाषण लोकांना पाठ असतं. ज्यांचं नाही जमलं, त्यांना पदवीदानाला भाषण करायला कोण बोलावतं?

तुमचं म्हणणं सांगा. विरोधी असलं तरी चालेल, पण 'मन सांगेल ते कर' छाप नको.

उंटावरचा शहाणा

साफ असहमत. स्थिर नोकरी म्हणजे नेमकी कुठली हो? टाइपिस्ट आणि टेलिफोन ऑपरेटर याही एकेकाळी खात्रीच्या नोकऱ्याच होत्या. बुडायचंच असेल तर निदान आवडीच्या पाण्यात बुडू द्या त्याला. आणि ना कर्ज, ना पदरी पोरंबाळं; धोका पत्करायला याहून स्वस्त वय कुठलं? चाळिशीत हप्ते फेडता फेडता कोण संगीताकडे वळतं?

ताळेबंद

टेलिफोन ऑपरेटरच्या नोकऱ्या गेल्या म्हणून वादकांना कामं मिळाली, असं काही झालेलं नाही. एक वाट बेभरवशाची निघाली, तेवढ्यानं दुसरी भरवशाची ठरत नाही.

शर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये यावर लिहिलंय. उत्तम गायकाचं ध्वनिमुद्रण सगळ्या जगाला ऐकवता येतं आणि एक श्रोता वाढला म्हणून त्याला पुन्हा गावं लागत नाही. मग थोडा कमी चांगला गायक लोकांनी का ऐकावा? त्यामुळे गुणांतला फरक उन्नीस-बीसचा, पण कमाईतला जमीन-अस्मानाचा. हिशेबात असं होत नाही. एका माणसाला किती वह्या तपासता येतील यालाच मर्यादा आहे, म्हणून मधल्या फळीतलाही पोटभर कमावतो. 'आपण मधल्या फळीतले निघालो तर?' हा प्रश्न भाच्यानं स्वतःला विचारलाय का?

दुसरं, आवड आधी आणि काम मागून, असंच घडतं हे कुणी सांगितलं? मी या धंद्यात शिरलो तो निव्वळ पगारासाठी. हिशेबाच्या जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळत नसल्या की आम्ही आधी फरक बघतो. त्याला नऊनं नि:शेष भाग गेला, तर बऱ्याचदा कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असतात. मग पान पान मागे जायचं. ती नोंद सापडते तेव्हा जे वाटतं, त्याला आवड म्हणत नसतील तर दुसरं काय म्हणतात? (बायकोच्या मते 'विकृती'.)

अर्धविराम

मी आवडीवरच जगते, पुस्तकांसाठी चित्रं काढते. त्यामुळे जरा आतली बाजू सांगते. प्रत्यक्ष चित्र काढण्यात दिवसाचा छोटा भाग जातो. बाकी वेळ दरपत्रकं, 'हिरवा जरा कमी हिरवा करा' अशा सूचना, आणि वसुली. वसुली म्हणजे एकच नम्र मजकूर तारीख बदलून पुन्हा पाठवणे.

पैसे आले की आवडीला नख लागतं, हेही काही अंशी खरं आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला देऊन पाहिलं. ज्यांना मध्ये पैसे दिले, त्यांनी पैसे बंद झाल्यावर फावल्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला.

तरीही माझं मत ताळेबंद यांच्या विरोधात. हात बसायला दिवसाचे ताजे तास लागतात. आठ-नऊ तास खपून घरी आल्यावर उरतो तो छंद. छंदात वाईट काही नाही, पण 'नोकरी सांभाळून संयोजक हो' हे सांगणं म्हणजे गोड शब्दांत नाहीच म्हणणं.

ताळेबंद

आइन्स्टाइन पेटंट कार्यालयात नोकरी करत होता आणि १९०५ चे शोधनिबंध त्याच काळातले आहेत. तेव्हा 'उरतो तो छंद' हे जरा सबुरीनं घ्या.

उंटावरचा शहाणा

आला आइन्स्टाइन! कधी येतो याचीच वाट पाहत होतो. कागद-पेन्सिलीवर होणारं काम रात्री होतं. वादकांचा ताफा रात्री अकराला कुठून आणायचा?

त्यापेक्षा रामन घ्या. १९०७ पासून सरकारी वित्त खात्यात, आणि कचेरीच्या आधी-नंतर प्रयोगशाळेत. १९१७ मध्ये कमी पगाराची प्राध्यापकी पत्करून नोकरी सोडली. नोबेल १९३० चं. सोडली, हे महत्त्वाचं.

ताळेबंद

दहा वर्षांनी सोडली. आणि सोडून गेले तेही पगारी पदावरच.

अर्धविराम

मोठ्यांची नावं दोन्ही बाजूंना हवी तेवढी मिळतील. व्हॅन गॉगला भाऊ थिओ पैसे पाठवायचा. डार्विनला घरच्या पैशामुळे कधी नोकरी करावीच लागली नाही. काठावरची, खरा प्रश्न तुम्ही मांडलाच नाहीत. न कमावण्याची वर्षं कोण पोसणार?

काठावरची

बहीण पोसणार. तिच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, आणि याबद्दल तिला कुणी विचारलेलंही नाही. भाच्याच्या बोलण्यात 'मी धोका पत्करतोय' असं येतं, तेव्हा मला तेच खटकतं.

२०१४ चा रॅफी आणि फेंग यांचा एक अभ्यास वाचनात आला होता. नोकरी न सोडता धंदा सुरू करून मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाली.

उंटावरचा शहाणा

धंद्याचं गणित संगीताला जसंच्या तसं लावू नका. पण बहिणीचा मुद्दा मान्य. तिच्या जिवावर असेल तर आधी तिला विचारा. किती वर्षं, किती पैसे, हे कागदावर येऊ द्या.

काठावरची

काल बोलले त्याच्याशी. संध्याकाळी सातनंतर मोकळा राहणार असेन तर नोकरी घेतो, म्हणाला. ताळेबंद, तुमच्या खात्यात सातला सुटका होते का हो?

ताळेबंद

एरवी होते. वर्षअखेरीला विसरा. मुलाखतीत विचारलं तर 'अधूनमधून थांबावं लागतं' असं सांगतील. त्यानं वरिष्ठांना न विचारता तिथल्याच एखाद्या नव्या माणसाला गाठावं.